ख्रिश्चन नसलेल्यांना नाताळ नेमका कसा वाटतो? (शाळेतला सांता, पिक्चरमधले फादर वगैरे)

मनीषनगरची_आई

नमस्कार मंडळी, विषय जरा नाजूक आहे म्हणून आधीच सांगून टाकते, मी इथं भांडण लावायला आलेली नाही, खरंच विचारायचंय. मुलगा केजी टू ला आहे, शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला की २४ ला लाल ड्रेस, सांताची टोपी आणि एक छोटं गिफ्ट पॅक करून पाठवा. शाळा काही मिशनऱ्यांची नाही, आपल्यातल्याच लोकांची आहे. मी बर्डीवरून टोपी घेऊन आले, त्याच फेरीत मार्गशीर्षातल्या गुरुवारची फळं आणि वेणी पण घेतली, मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. पण घरच्या ग्रुपवर सासऱ्यांनी एक शब्द न बोलता फॉरवर्ड टाकला, तुम्हाला माहीतच आहेत ते डिसेंबरातले फॉरवर्ड, नणंदेनं त्यावर हात जोडले आणि आमचे अहो म्हणतात सोड ना, दरवर्षीचंच आहे.

टोपीचं मी बघून घेईन. मला विचारायचंय ते वेगळंच आहे. मी स्वतः कॉन्व्हेंटला होते, दरवर्षी गोठ्याच्या नाटकात मेंढी व्हायचे (एकदा परी होणार होते पण उंची आडवी आली), अवर फादर अजून एका दमात पाठ म्हणते आणि रामरक्षा मात्र अर्ध्यात अडकते. डिसेंबर आला की ते बर्फातले नाताळचे पिक्चर लावून बसते, तेच ते, मोठ्या शहरातली मुलगी गावी येते, बेकरी, जुना मित्र, शेवटी चर्चची घंटा. मला फार आवडतात. पण परवा सहज लक्षात आलं की या आख्ख्या नागपुरात एकाही ख्रिश्चन घरात मी नाताळाला गेलेली नाही. सगळा नाताळ मला टीव्हीनं शिकवलाय.

तर जे ख्रिश्चन नाहीत त्यांनी प्रामाणिकपणे सांगा, हे सगळं बघताना तुम्हाला काय वाटतं, मजा येते, राग येतो, का आपण दुसऱ्याच्या लग्नात फुकट जेवतोय असं वाटतं?

आणि एक. पोरानं मोठ्या चुलतभावासोबत भुताचा पिक्चर पाहिला, त्यात फादर क्रॉस दाखवतो आणि भूत किंचाळतं. आता तो मला विचारतोय, आई, आपल्या गणपतीला भूत घाबरत नाही का. यावर काय सांगायचं ते पण सुचवा.

तर्री_पोहे

ताई काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिल्या. पोट्ट्याले सांगा भूत मारुतीले घाबरते, भीमरूपी म्हण अन् झोप. गणपतीचं डिपार्टमेंट वेगळं आहे, तो विघ्न पाहते.

बाकी सांतावरून जे लोकं धर्म बुडाला म्हणून बोंबलते ना त्यांनी थोडं वाचावं. सांता बायबलमध्ये नाही. झाड बी नाही. २५ तारीख बी नाही, येशूचा जन्म कोणत्या तारखेले झाला हे बायबलात कुठंच लिहिलं नाही. संत निकोलस म्हणून चौथ्या शतकातला एक बिशप होता, मायरा नावाच्या गावचा, ते आता तुर्कस्तानात येते. त्याच्या गोष्टी युरोपात फिरत फिरत डच लोकांसोबत अमेरिकेत गेल्या, तिथं एकोणिसाव्या शतकात कवितेत रेनडिअरची गाडी आली, चित्रकारांनी पोट काढलं, अन् १९३१ पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी तो हसरा लाल म्हातारा घरोघरी पोचवला. लाल कपडे त्याच्या आधी बी होते, पण फेमस त्यांनी केला. अन् जिंगल बेल्स, जे आपले पोट्टे घसा फाडून म्हणते, ते १८५७ चं गाणं आहे, त्यात ना येशू ना ख्रिसमस, नुसती बर्फावरची घोडागाडी. म्हणजे तुमचं पोरगं २४ तारखेले जे करून राहिलं त्यात धर्म किती अन् कोल्ड्रिंक किती, हिशोब लावा.

मले विचाराल तं मले मजा येते. थंडी पडली राहते, सदरमध्ये लाईटिंग राहते, केक खायले भेटते. संपलं.

रेशीमबागेतला

मी ते फॉरवर्ड टाकणाऱ्यांच्या वयाचा आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो, चिडू नका.

पहिली गोष्ट, मी स्वतः मिशनच्या शाळेत शिकलो. फादर गणित शिकवायचे, छडीपण मारायचे, पण धर्माबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. त्यामुळे ताई, अवर फादर पाठ आहे याची लाज बाळगू नका, मलाही आहे. ती शाळाच त्यांची, त्यांनी त्यांची प्रार्थना म्हणायला लावली तर त्यात गैर काय.

माझी चीड वेगळ्या जागी आहे. मिशनशी काही संबंध नसलेल्या शाळा, ज्यांच्या फलकावर सरस्वती आहे, त्या सांताचा ड्रेस मागतात. का? तर पालकांना फोटो पाहिजेत. त्याच महिन्यात मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला गीता जयंती येते, तिचा मेसेज कधी आला का कोणाच्या ग्रुपवर? दत्तजयंतीचा? आपल्याला कोणी जबरदस्ती केली नाही, आपणच हौसेनं गेलो, आणि राग काढतो ख्रिश्चनांवर. हे मला पटत नाही आणि ते फॉरवर्डही पटत नाहीत. २५ तारखेलाच तुळशीची पूजा करा म्हणे. अहो माझ्या घरी तुळशीला रोज सकाळी पाणी घालतो, तिला कोणाच्या विरोधात उभं करायची गरज काय?

पण मुलाला सांता आधी कळतो आणि चोखोबा कोण ते सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं. वाटणारच.

इंदोरा_चौक

वाचून राहिलो होतो गपचूप पण एक बोलतोच. तुम्ही सगळे "ख्रिश्चन नसलेले" म्हणजे हिंदूच धरून चालले. नागपुरात बसून! दीक्षाभूमी काय पुण्यात आहे का?

आमच्या घरी २५ डिसेंबर म्हणजे मनुस्मृती दहन. १९२७ साली याच तारखेला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. लहानपणी मला खरंच वाटायचं की शाळेला सुट्टी त्याचीच असते, नाताळ वगैरे नंतर कळलं. सकाळी कार्यक्रम, भाषणं, आणि संध्याकाळी आम्ही पोट्टे केकसाठी हट्ट करायचो, बाबा आणायचे पण. दोन्हीमध्ये काही अडलं नाही कधी.

आता ताईंचा प्रश्न, पडद्यावरचा नाताळ बघून काय वाटतं. मला काहीच वेगळं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगतो. हिंदी पिक्चर घ्या, मराठी सिरीयल घ्या, हिरोची आई देवघरासमोर, गणपतीत भांडण मिटते, वटपौर्णिमेला नवरा वाचतो, करवाचौथला चंद्र दिसतो. त्यात आमचं घर कधी दिसलं? भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाचा फोटो असलेलं साधं घर, ज्यात कोणी त्यावर भाषण देत नाहीये, नुसतं जेवून राहिलेत, असं किती वेळा पाहिलं तुम्ही? म्हणून मला पडद्यावर दुसऱ्याचाच सण पाहायची लहानपणापासून सवय आहे. दिवाळी असो की ख्रिसमस, मी बाहेरूनच बघतो, मजा घेतो, टीव्ही बंद करतो. तुम्हाला वर्षातून एक महिना ते होते म्हणून तुम्हाला प्रश्न पडला.

भुताचं म्हणाल तर आमच्याकडं भूतच नाही, विषय संपला. पोराला पाठवून द्या.

तर्री_पोहे

"सिरीयलमध्ये वटपौर्णिमेला नवरा वाचतो" 😂 भाऊ, कधी कधी तं मेलेला बी परत येते.

पण बोललात खरं. मी कधी असा विचारच नोता केला.

सदरवाली

कोणीतरी ख्रिश्चन बोलेल म्हणून वाट पाहत होते, कोणी येईना, मग मीच येते.

मी सदरची, माहेर मेकोसाबागेतलं. आडनाव सांगितलं तर कोणाला कळत नाही, कारण साळवे, गायकवाड, शिंदे ही आमच्यातपण भरपूर आहेत. मग हमखास पुढचं वाक्य येतं, "अय्या, तुम्ही ख्रिश्चन वाटत नाही." म्हणजे काय वाटायला पाहिजे होतं ते मला ठाऊक आहे, हिंदी पिक्चरमधलं. गुडघ्यापर्यंत फ्रॉक, वाक्याच्या शेवटी "मॅन", घरात एक अंकल ज्याच्या हातात सतत बाटली, आणि एक पोरगी जी हिरोसोबत नाचते पण लग्न दुसरीशीच होतं. माझी आजी नऊवारी नेसायची. तिचं बायबल मराठी, तिची भजनं मराठी, चर्चमध्ये पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची गाणी आम्ही अजून म्हणतो, उपासना संगीत नावाचं पुस्तक असतं त्यात आहेत. टिळक म्हणजे तेच, शाळेच्या पुस्तकात कविता असायच्या ते, राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसानं बायबलचा नवा करार वाचायला दिला आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. नागपुरातपण राहिलेत ते. त्यांच्या कितीतरी आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं, जवळपास ११ हजार ओव्या, मराठीत. लिहिणारा इंग्रज होता तरी ओवीच लिहिली.

आता नाताळ. आमच्याकडे त्याआधी आठवडाभर तळण चालतं. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, चकली, तुमच्या दिवाळीचाच फराळ, त्यात केकची भर. आईच्या काळी केकचं सामान घरून कालवून बेकरीत न्यायचं, भट्टीत भाजून घ्यायचं आणि आपला डबा दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून तिथंच उभं राहायचं. दारावर कागदाची चांदणी, कोपऱ्यात गवताचा गोठा. टर्की माझ्या बापजन्मी कोणी खाल्ली नाही, मटण असतं. चिमणी नाही तर सांता येणार कुठून, त्यामुळे तोही आमच्याकडे कधी आला नाही, शाळेत भेटायचा तेवढाच. तर्रीभाऊ बरोबर बोलले, ज्यावर तुमचा वाद चाललाय त्यातलं निम्मं आमचं नाहीच.

राग कशाचा येतो सांगू? २५ ला ऑफिसमधून फोन येतो, "काय मग, आज तुमच्याकडे दारू असेल ना?" माझे वडील आयुष्यात चहाच्या पुढे गेले नाहीत. ते पिक्चरमधल्या अंकलनं करून ठेवलंय. आणि कन्फेशनचा डबा, तो दाखवल्याशिवाय हिंदी पिक्चरमधलं चर्च पूर्णच होत नाही. तो कॅथलिक लोकांकडे असतो, आम्ही सीएनआयवाले, आमच्यात नसतो. सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, ते आपल्या नागपुरातच स्थापन झालं बरं का, २९ नोव्हेंबर १९७० ला, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन. त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्यांना पण माहीत नसतं.

आणि ताई, भूत. कॅथलिक फादरलासुद्धा ते पिक्चरमधलं भूत काढायचं काम बिशपच्या खास परवानगीशिवाय करता येत नाही. क्रॉस उचलला आणि धावला असं नसतं. माझा मुलगासुद्धा तोच पिक्चर बघून माझ्या पांघरुणात घुसला होता, क्रॉस गळ्यात असून.

एक गोष्ट मात्र हळूच सांगते. पूर्वी कॅरल म्हणत रात्री गल्लीभर फिरायचो, कोणीही दार उघडायचं, सगळ्यांकडे चहा व्हायचा. आता आपल्याच लोकांच्या घरी जातो आणि आवाज जरा बेताचा ठेवतो. कोणी काही म्हटलं नाहीये. पण ठेवतो.

मोमिनपुऱ्याचा

आमचं पण लिहून घ्या. ईसा अलैहिस्सलाम आमचे पण पैगंबर आहेत, आणि कुराणात नाव घेऊन जिचा उल्लेख आहे अशी बाई एकच, ती म्हणजे मरियम, येशूची आई. एकोणिसावा सूरा म्हणजे अध्याय तिच्याच नावाचा आहे, त्यात जन्माची गोष्ट पण आहे, फक्त गोठा नाही, खजुराचं झाड आहे. आम्ही त्यांना देवाचा मुलगा मानत नाही आणि वाढदिवस पण करत नाही. त्यामुळं शाळेत मुलगा सांता बनला तर घरी अम्मी कुरकुरते, पण केक आला की पहिला तुकडा तिचाच.

आणि पिक्चरमधल्या अंकलचं दुःख आम्हाला सांगू नका ताई. तुमच्या अंकलच्या हातात बाटली असते. आमच्या चाचाच्या हातात काय असतं ते तुम्ही बघताच.

तर्री_पोहे

अरे इथं तर अमर अकबर अँथनी होऊन राहिलं 😄

सदरवाली

झालंच आहे तर एक ऐका. त्यातला अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन ज्याचं नाव सांगतो तो अँथनी गोन्साल्विस खरा माणूस होता. गोव्याचा, मोठा व्हायोलिनवाला आणि अरेंजर, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. त्या काळच्या हिंदी गाण्यांच्या मागे कितीतरी गोव्याचे ख्रिश्चन वादक असायचे, कोणाला नावंसुद्धा माहीत नाहीत. म्हणजे पडद्यामागे आम्ही व्हायोलिन वाजवतोय आणि पडद्यावर बाटली घेऊन डुलतोय. त्या एका गाण्यात तरी नाव आलं.

जर्सीतला_नागपूरकर

मूळचा बजाजनगरचा, सध्या न्यू जर्सी. इकडे नोव्हेंबरचं थँक्सगिव्हिंग संपलं की प्रत्येक दुकानात तीच गाणी सुरू होतात ती २५ पर्यंत. पहिल्या वर्षी वेड लागल्यासारखा फोटो काढत फिरलो, ताईंच्या पिक्चरमध्येच आलोय असं वाटत होतं. नंतर मात्र कंटाळा यायला लागला, मग पोरगं विचारायला लागलं की सांता सगळ्यांकडे येतो, आपल्याकडे का नाही, मग आम्ही पण झाड आणलं. इथले बहुतेक मराठी लोक आणतात आणि त्याला मोदकाचं ऑर्नामेंट लावतात, हसू नका, खरंच मिळतं.

ऑफिसात एक ज्यू सहकारी आहे, त्यांच्याकडे २५ ला चायनीज खायचं आणि पिक्चर पाहायचा, कारण त्या दिवशी तेवढंच उघडं असतं. पिढ्यानपिढ्या चाललंय, त्यावर त्यांचे स्वतःचे विनोद आहेत. त्याच्याकडूनच कळलं की व्हाइट ख्रिसमस, ज्याच्याशिवाय इथला डिसेंबर होत नाही, ते लिहिणारा आयर्विंग बर्लिन ज्यू होता, रशियातून आलेल्या गरीब घरातला. गाणं लोकांपर्यंत आलं १९४२ मध्ये. त्याचा तान्हा मुलगा १९२८ च्या नाताळाच्या दिवशी गेला होता, हे कळल्यावर मी ते गाणं वेगळ्याच कानानं ऐकतो. येशूचं नाव त्यातही नाही, नुसतं बर्फ आणि घरची आठवण.

अजून एक गंमत, याच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करायला बंदी होती, पाच शिलिंग दंड. बंदी घालणारे कट्टर ख्रिश्चनच, त्यांचं म्हणणं हे बायबलात नाही, हा सगळा धांगडधिंगा आहे. आपल्या ग्रुपवरचे काका त्यांच्याशी छान जुळवून घेतील.

इंदोरा भाऊ, तुम्ही जे सवयीचं लिहिलंत ते मला नागपुरात असताना कोणी सांगितलं असतं तर डोक्यावरून गेलं असतं.

रेशीमबागेतला

जर्सीवाले, काकांवरचा टोमणा पोचला 🙂 पण तुमचं उदाहरण इथं बसत नाही. तिथं ते बहुसंख्य, त्यांच्या बाजारात त्यांचा सण असणारच. इथं २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिश्चन एका टक्क्याच्याही आत आहेत. मग वर्धा रोडवरच्या मॉलमध्ये तीन मजली झाड कोणासाठी?

सदरवाली

काका, आमच्यासाठी नक्कीच नाही. आमच्या आख्ख्या चर्चची खरेदी त्या झाडाच्या लाईट बिलालासुद्धा पुरणार नाही. ते तुमच्या नातवंडांसाठी आहे.

रेशीमबागेतला

हे मात्र मान्य. गेल्या रविवारी तिथंच होतो, नातीचा फोटो काढायला.

इंदोरा_चौक

काका 😂😂

मनीषनगरची_आई

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. इंदोरा भाऊंचं मनात बसलं. आणि सदरताई, ते आवाज बेताचा ठेवतो वाचून काय लिहावं कळेना.

सासऱ्यांना काकांची तुळशीची कमेंट वाचून दाखवली, ते म्हणाले माणूस शहाणा दिसतो. फॉरवर्डबद्दल काही बोलले नाहीत, मीही विषय वाढवला नाही. टोपी जाणार शाळेत.

आता खरंच विचारते, आमच्यासारख्यांनी चर्चला आलेलं चालतं का? पिक्चरमधलं नको, खरंच बघायचंय. पोराला घेऊन. काय नियम असतात, डोकं झाकायचं का, चप्पल काढायची का, काही घेऊन यायचं का?

सदरवाली

चालतं काय, या! नियम फार नाहीत. रात्रीची मिस्सा बघायची तर मोहननगरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलला, ते कॅथलिक. आमच्याकडे २५ ला सकाळी उपासना असते. लहान मूल आहे तर सकाळचीच बरी, रात्री ते पेंगणार आणि थंडी किती असते माहीतच आहे. वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या, बदलते.

डोकं झाकलं तरी चालतं, नाही झाकलं तरी चालतं. चप्पल बाकीचे काय करतायत ते बघा. मागच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा, बसले की बसा, गाणं येत नसेल तर नुसतं पुस्तक धरा, आमच्यातले निम्मे तेच करतात. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, लोक पुढे जातील, तेव्हा तुम्ही जागेवरच बसून राहा, ते फक्त चर्चच्या सभासदांसाठी असतं, कोणी तुमच्याकडे बघत बसणार नाही. मुलाला ती भाकर पाहिजे म्हणून रडू आलं तर पर्समध्ये बिस्किटं ठेवा. प्रार्थना चालू असताना मोबाईल आत, गोठ्याजवळ फोटो नंतर निवांत काढा. घेऊन काही येऊ नका. आणि सुटल्यावर थेट घरी पळू नका, मेसेज करा, घर जवळच आहे, करंज्या असतील.

तर्री_पोहे

मले बी मेसेज करू का ताई

सदरवाली

तुम्ही तर्री घेऊन या. आणि गाडी लांब लावा, त्या दिवशी गेटसमोर लावली की ट्रॅफिकवाले उचलून नेतात.